गौर कोणी नेसवायची

माझी धाकटी बहीण सिनेमात आहे असं सांगितलं की लोक आधी तिचा चेहरा आठवायला लागतात. मग मला सांगावं लागतं की ती पडद्यावर दिसत नाही, तिने केलेलं दिसतं. सिनेमातली माणसं सोडली तर त्यांच्या मागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, कॅलेंडरखालचा तेलकट डाग आणि डागाला टेकून ठेवलेली खाट, हे सगळं तिने ठरवलेलं असतं. याला प्रॉडक्शन डिझायनर म्हणतात. पोलादपूरच्या पुढे उमरठच्या रस्त्याला आमचं माहेरचं गाव, तिथे हा शब्द कोणाच्याच तोंडात बसला नाही. आमच्या चुलत घरच्या काकीने एकदा मला विचारलं, "म्हणजे डेकोरेशन करते ना गो ती?" मी मान डोलावली. "हो, तसंच काहीतरी." खरं काय ते मला चांगलं ठाऊक होतं. पण सगळंच खरं आपणच कशाला सांगत बसायचं?

तसं पाहिलं तर मीही त्याच धंद्यातली आहे. निदान माझं तरी तसं मत आहे. महाडात माझं रुखवताचं काम चालतं. लग्नात नवरीकडच्यांनी मांडून ठेवायची ती सगळी हौस: थर्माकोलची विहीर, लोकरीची तुळस, लाडवांचा डोंगर, सुपारीला फेटा बांधून केलेला नवरा आणि शेजारी नथ घातलेली सुपारी. जोडीला नवरीला साडी नेसवून देते. बिरवाडीपासून दासगावापर्यंत माझ्या हातची रुखवतं गेलेली आहेत. फरक इतकाच, की माझं केलेलं जेवणाच्या पंगती उठेपर्यंत टिकतं, मग कुणाचा तरी पोरगा लाडवांचा डोंगर खाऊन टाकतो. तिचं केलेलं लोक तिकीट काढून बघतात.

लहानपणी आम्ही दोघींनी मिळून आत्याचं रुखवत केलं होतं. मी चकचकीत कागदाचा बंगला केला, खिडक्यांना सोनेरी पट्ट्या लावल्या. हिने शेजारी पुठ्ठ्याचं एक घर केलं. त्याच्या कौलांवर हिरवट शेवाळ, भिंतीला खाली चिखलाचे शिंतोडे, आणि स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत चुलीच्या कोळशाने काळी केलेली. आईने मांडवात ते घर बघितलं आणि पदराखाली झाकून आत नेलं. "लग्नात असलं धुरकटलेलं घर मांडतात काय गो? बघणारा काय म्हणेल, पोरगीला सासरी हेच मिळणार हाय?" माझ्या बंगल्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. ही एका कोपऱ्यात बसून रडली आणि मी तिला समजावलं. तो प्रसंग मला फार आवडतो. हल्ली मी तो वरचेवर आठवते.

पुढे ती मुंबईला चित्रकला शिकायला गेली आणि मी लग्न करून महाडात आले. सुरुवातीची तिची कामं ऐकून मला तिची दया यायची. फोनवर सांगायची, "आज दिवसभर नव्या वर्तमानपत्रांना चहाचं पाणी लावलं. जुनी दिसायला." दुसऱ्या वेळी म्हणाली, दिव्याच्या बटणांभोवती तेल-हळद चोळत होते, घरात माणसं राहतात असं वाटायला पाहिजे. मी माझ्या स्वयंपाकघरातल्या बटणांकडे पाहिलं. ते काम आमच्याकडे फुकटात झालेलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "बिचारी. एवढं शिकून डाग पाडते." त्या दिवशी मला शांत झोप लागली.

मग एकदा तिचा फोन आला की आपल्याच भागातल्या एका घरावर सिनेमा आहे आणि सगळी जबाबदारी तिच्यावर आहे. माहेरच्या घरातली वापरातली भांडी हवीत, जशी आहेत तशी. आईचा तांब्याचा हंडा, पितळी डबे, लोखंडी तवा. "ताई, तूच जाऊन घेऊन ये आणि पाठव. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही." भरवसा हा शब्द ऐकून मी विरघळले. मी गावी गेले. आता सांगा, आपल्या घरची भांडी सिनेमात जाणार, अख्खा महाराष्ट्र बघणार, ती काळी पाठवायची? आईने स्वतः फडताळातून चिंच काढली. वहिनीने राख चाळून दिली. आम्ही तिघींनी पाठ मोडेपर्यंत भांडी घासली. हंडा तर असा निघाला की त्यात बघून कुंकू लावावं. पोलादपुरातून टेम्पोत घालून पाठवून दिली.

भांडी पोचल्यावर तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, आईच्या आयुष्यभराची काजळी होती गं ती."

"मग? एवढी निघाली ते बघ ना."

"मी आता ती कुठून आणू?"

आईला हे कळल्यावर ती मनापासून म्हणाली, "तिला सांग, दोन महिने इथं येऊन राहा आणि चुलीवर भात लाव. येईल काजळी."

तिने ती कशी आणली ते तिलाच ठाऊक. पण सिनेमा पाहायला बसलो तेव्हा हंडा पुन्हा काळा होता, आणि अगदी आमच्याच हंड्यासारखा काळा. एका बाजूला जास्त, जिथे जाळ लागतो तिथे. त्या सिनेमात एक बाई मरते, पोरं देशोधडीला लागतात, शेजारचे सगळे हुंदके देत होते. मी हंडा शोधत होते. तो दिसला तेव्हा माझ्या तोंडून "आला!" निघालं आणि पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून पाहिलं.

त्याच कामासाठी तिला मोठा पुरस्कार मिळाला.

पोलादपूरच्या नाक्यावर तिचा फ्लेक्स लागला. मधे ती, हातात मानचिन्ह, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पासपोर्ट फोटोएवढा माझा नवरा. महाडात सत्कार झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, पण मग कोणीतरी पाहुणे आले आणि मी दुसऱ्या रांगेत गेले. निवेदकाने "यांच्या भगिनीही आपल्यात आहेत" असं म्हणून भलत्याच बाईकडे हात केला. त्या बाईनेही उठून नमस्कार केला. मी टाळ्या वाजवल्या. काय करणार?

हे सगळं मी गिळलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात बिरवाडीहून एका नवरीची आई माझ्याकडे रुखवत सांगायला आली आणि थर्माकोलची विहीर हातात धरून म्हणाली, "छान आहे हो. डिझाइन बहिणीकडून आणता का?"

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या घरात गौर नेसवायचा मान थोरल्या माहेरवाशिणीचा. गौर स्वतःच माहेरवाशीण, म्हणून तिला माहेरवाशिणीनेच उभी करायची. डोंगरावरून तेरडा आणायचा, ओढ्यावर धुवायचा, घरात आणून कळशीत रोवायचा, आडवी काठी बांधून खांदे करायचे, वर मुखवटा बसवायचा आणि मग साडी-दागिन्यांनी त्या रोपट्याची बाई करायची. आधी तो मान आत्याचा होता, तिचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने सगळ्यांसमोर टाचण्यांचा डबा माझ्या हातात दिला. तेव्हापासून गौर माझी. नवऱ्याचं आजारपण असो, लग्नसराईचं आगाऊ काम असो, गौरी आवाहनाला मी माहेरी हजर. जगात मला कोणी विचारो न विचारो, त्या एका दुपारी सगळ्या बायका माझ्या हातांकडे बघतात आणि कोणी मधे बोलत नाही. माझा पुरस्कार म्हणायचा तर तो एवढाच.

या वर्षी आईचा फोन आला. "धाकटी येतेय गौरींना. बायका विचारतात, यंदा गौर तीच नेसवणार काय?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, थोरलीला इचारा."

म्हणजे आई नाही म्हणाली नव्हती.

मी गेले. पोलादपूरहून रिक्षेने वळणं घेत घेत, एका हातात साडीची पिशवी, दुसऱ्या हातात फुलांची, खांद्याला पर्स, पर्समधे टाचण्यांचा डबा. उजवा गुडघा रस्त्यातच बोलायला लागला होता. दारात पोचले आणि पिशवीसकट एक हात चौकटीला लावून जरा उभी राहिले. ही ओट्यावर चहा पीत बसली होती, अंगात साधा कुडता, केस कसेही बांधलेले. मला बघून म्हणाली, "ताई, थांब. अशीच थांब जरा."

मला वाटलं पिशव्या घ्यायला उठतेय. मी थांबले. ती उठली नाही. नुसती बघत राहिली. शेवटी वहिनी आतून धावत आली आणि तिने पिशव्या घेतल्या. मी मनात म्हटलं, बघा, पुरस्कार मिळाला की ओझं दिसत नाही.

दुपारी तेरडा आला. स्वयंपाकघरात भाजी-भाकरीच्या नैवेद्याचा वास, ओटीवर काकी आणि शेजारच्या बायका. मी माजघराच्या दाराशी कळशी मांडली, पदर खोचला, डबा उघडला. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर नव्हत्या. त्या हिच्यावर होत्या. मग मी केलं ते आमच्याकडची कोणीही शहाणी बाई करेल. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, एवढी मोठी झालीस तू. यंदा तूच नेसव गौर."

या वाक्याची आमच्याकडे एक रीत आहे. समोरच्याने म्हणायचं, "छे, छे, ताई, तुझा मान." मग आपण म्हणायचं, "मान कसला त्यात? तुझे हात बघ किती चांगले." मग त्याने दोन्ही हात मागे घ्यायचे, बाकीच्यांनी "नको, थोरलीच नेसवू दे" म्हणायचं, आणि आपण उसासा टाकून, जणू बळेच, साडी हातात घ्यायची. सगळ्यांचं मन राहतं आणि मानही जिथल्या तिथे राहतो. घरात आलेला पाहुणासुद्धा चहाला आधी नाही म्हणतो.

हिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "खरंच, ताई?"

चुलीवर पळी हलत होती ती थांबली. काकीने माझ्याकडे घाटात गाडी कलंडलेली बघावी तसं पाहिलं. मुंबईत राहून माणूस काय काय विसरतो ते मला त्या क्षणी कळलं. पण आता शब्द तोंडातून गेला होता.

"खरंच," मी म्हटलं, आणि टाचण्यांचा डबा पुढे केला. तो मात्र तिने घेतला नाही. "टाचण्या नकोत गं. आईची जुनेरं आहेत का?"

जुनेरं म्हणजे आईच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्या. वहिनीने गाठोडं आणून दिलं. मी गौरीच्या पोटाला थर्माकोल लावते, रुखवतातला उरलेला. छान ताठ राहतो. हिने साड्यांच्या वळकट्या केल्या आणि कळशीला कमरेपासून बांधत गेली, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी.

मला राहवेना म्हणून मी म्हटलं, "वाकडी होतेय."

"ताई, गौर कुठून येते?"

"ओढ्यावरून. दरवर्षी तिथूनच येते. बदलली नाही अजून."

"म्हणजे चालून येते ना? एवढं चालून माहेरच्या दारात पोचलेली बाई ताठ उभी राहील का?"

"ती देवी आहे."

"देवी आहेच. पण दमून आलेली आहे." मग वहिनीकडे वळून, "वहिनी, साडीच्या काठाला अगदी जरासा चिखल लावला तर?"

आई खाटेवरून कडाडली, "नव्या साडीला चिखल? लावून तर बघ! पुरस्कार चुलीत घालीन तुझा!"

बायका हसल्या. मी सगळ्यांपेक्षा जास्त हसले. पण माझं हसू फार टिकलं नाही. तिने ट्यूबलाइट बंद केली, समई एका बाजूला सरकवली आणि मुखवटा बसवला, किंचित कलता. पदर खांद्यावरून ओढून कमरेला खोचला. एका वळकटीचा हात करून तो असा ठेवला की चौकटीला धरलंय असं वाटावं. मग ती बाजूला झाली.

मी दरवर्षी उभी करते ती गौर पोलिसांच्या संचलनात शोभेल. हिची गौर नुकतीच आत आली होती. आणखी काही सांगत नाही. मी तिच्यात खोट शोधायला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, निऱ्या मोजल्या, नथ कोणत्या बाजूला ते पाहिलं. सिनेमावाले पुढूनच सजवतात, मागे नुसत्या काठ्या असतात असं कुठेतरी ऐकलं होतं. मागेही पदर नीट पडला होता.

मग काकी उठली, भिंतीला टेकवलेला पाट घेतला, गौरीच्या पुढ्यात मांडला आणि म्हणाली, "बस गो बाय. दमली असशील."

इतक्या वर्षांत माझ्या गौरीला कोणी बस म्हटलं नव्हतं. तिला बसताच आलं नसतं म्हणा, आत थर्माकोल होता.

ते दोन दिवस मी भाकऱ्या थापल्या, पाहुण्यांना वाढलं, आणि येणारी प्रत्येक बाई गौरीपुढे थांबते ते पाहिलं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिला शूटिंगचा फोन आला. गाडी दारात, चहा अर्धा, "ताई, तू उतरवशील ना गं तिला?" आणि गेली. विसर्जनाआधी गौर उतरवायची, म्हणजे दागिने काढायचे, साडी सोडायची आणि तेरडा तेवढा ओढ्यावर न्यायचा. ज्याने नेसवली त्याने उतरवायची हीही रीतच. पण हिला रीती लागू नाहीत, हे एव्हाना सगळ्यांनी मान्य केलं होतं.

मी आनंदाने हो म्हटलं. निदान आतली युक्ती तरी कळेल.

दुपारी मी गौरीशेजारी उभी राहिले आणि आधी कुठली गाठ सोडावी याचा विचार करायला लागले. गुडघा ठणकत होता म्हणून डाव्या पायावर भार दिला, पदर खोचला, चौकटीला हात लावला. खाटेवरून आई खुदकन हसली.

"काय झालं?"

"काय नाय. दोघी सारख्याच उभ्या हायत."

मी गौरीकडे पाहिलं. डावीकडे भार. पदर कमरेला. एक हात चौकटीला. मान कलती, खांद्याला पर्स असताना माझी कलते तशी. मग मला ओट्यावरचं आठवलं, "अशीच थांब जरा."

वहिनी दारात तोंडावर पदर धरून उभी होती. "ताई, आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. काकींनी पाट मांडला तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रागात होतात."

"मी? मी कशाला रागावू?"

वहिनीने पदर पुन्हा तोंडाला लावला.

मला आधी बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. तेवढ्यात हिशेब सुचला. उभं राहणं माझं, गुडघा माझा, ओझं माझं, आणि पाट मिळाला तेरड्याला. मी दारात खरीखुरी उभी होते तेव्हा कोणी बस म्हटलं नव्हतं. बहिणीचा हेवा मला जुना आहे, त्याच्याशी माझं जमतं. पण रोपट्याचा हेवा वाटायची ही पहिलीच वेळ.

मी गाठी सोडल्या. एकेक जुनेर उलगडत गेले, कोणतं कुठे आणि किती घट्ट बांधलंय ते नीट बघत. सगळं लक्षात ठेवलं. लाज कसली? तीही माझ्याकडूनच घेऊन गेली होती.

संध्याकाळी ओढ्यावरून परत आलो तेव्हा तिचा फोन आला. मागे कोणीतरी हातोडा मारत होतं.

"उतरवली?"

"उतरवली."

"तुला कळलं का गं?"

"काय कळायचंय? गौर होती. छान होती."

मग म्हणाली, "पुढच्या वर्षी मात्र तूच नेसव हं, ताई. तुझा मान."

"बरं," मी म्हटलं.

पलीकडे हातोडा वाजत राहिला. "ताई, एकदा तरी नाही म्हणायचं असतं गं."

"असं? मला वाटलं ती रीत बंद झाली."

ती खूप हसली. मीही हसले, पण शब्द मागे घेतला नाही. पुढच्या वर्षीची गौर कशी उभी करायची ते मी त्याच दिवशी ठरवून टाकलंय. केस कसेही बांधलेले, एका खांद्यावर ओझं, तोंड घराकडे आणि पावलं दाराकडे, आल्या आल्या निघायची घाई असलेली. आईच्या जुनेरांचं गाठोडं मी महाडला आणून ठेवलंय आणि अधूनमधून स्टुलावर सराव करते. पाय अजून जमत नाहीत.

काकी तिला पाट मांडते का, तेवढं मला बघायचंय.